पिवळ्या वायरचा जोड

ड्रायव्हर : डावीकडे वळण, वळणातच चढ, आणि गाडी चांगली तापलेली. तिन्ही जुळून आलं की बंद. एरवी दिवसभर हिंडवा, घोड्यासारखी पळते.

मिस्त्री : तिन्ही जुळलं की दर वेळी?

ड्रायव्हर : दर वेळी पडली असती तर दोन वर्षांपूर्वीच कोणाला तरी दिसलं असतं. दहातून एकदा. कधी पंधरातून.

मिस्त्री : आणि पुन्हा किल्ली मारली की?

ड्रायव्हर : स्टेअरिंग सरळ झालं की लगेच सुरू. जणू काही झालंच नाही. मिस्त्री, डाव्या वळणाचं मी तुम्हाला अपघात झाला तेव्हाच सांगितलं होतं. शाळेच्या आवारात, ह्याच व्हॅनपाशी उभं राहून. मुख्याध्यापिकाबाई होत्या, मुलांचे आईबाप होते.

मिस्त्री : सांगितलं असशील. दोन वर्षं झाली त्याला.

ड्रायव्हर : तुम्ही म्हणालात, गाडीला डावं-उजवं कळायला लागलं असेल तर तिलाच पहिलीत बसवा. सगळे हसले.

मिस्त्री : गंमत केली रे. माणसं तापलेली होती. म्हटलं, जरा हलकं करावं.

ड्रायव्हर : झालं हलकं. तेव्हापासून आमच्या गल्लीत मला ‘डावा’ म्हणतात. वाणी हाक मारतो, डाव्या, तुझी पिशवी राहिली. तो बिचारा नंतर आलाय, त्याला ठाऊकही नाही हे नाव कशावरून पडलं ते.

सून : मामंजी, बोनेट उघडते. काका, तुम्ही त्या स्टुलावर बसा, तिथं सावली आहे. पाणी हवं असेल तर माठ दाराशी आहे.

ड्रायव्हर : उभाच बरा आहे, वहिनी.

मिस्त्री : ही माझी सून. आता गॅरेज तीच बघते. माझे डोळे गेले, म्हणजे गेले नाहीत अगदी. दिवा दिसतो, माणूस दिसतो, बारीक वायर दिसत नाही. तेव्हा डोळे तिचे, डोकं अर्धं तिचं अर्धं माझं. पण मला एक सांग, शाळेनं ही व्हॅन भंगारात काढली होती ना? ती तुझ्याकडे कशी?

ड्रायव्हर : मी घेतली.

मिस्त्री : कशाला? तू तर गाडी चालवणं सोडलंस म्हणे.

ड्रायव्हर : सोडलं नाही. माणसं बसवून चालवत नाही, एवढंच. आता पाण्याचे जार पोचवतो. जारचा हात मोडत नाही.

मिस्त्री : मग हा सापळा कशाला दारात उभा केलास?

ड्रायव्हर : रिकामी फिरवून बघतो. मला कळायला हवं. त्या दिवशी गाडी बंद पडली, की मी पाडली.

मिस्त्री : आता कळून काय होणार?

ड्रायव्हर : काय होणार ते नाही ठाऊक. पण नऊ वर्षं त्या चढावरून रोज दोनदा गेलो. पाय कधी चुकला नाही. त्या दिवशी मागे घरंगळलो आणि खांबावर आदळलो. खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीचा हात सीटच्या दांड्याखाली आला. शाळेनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, इंजिन आपोआप बंद पडलं. तुम्ही तपासून लेखी दिलंत, गाडीत कसलाही दोष नाही. मग राहिलं कोण? मी. आधी मला राग यायचा. मग हळूहळू वाटायला लागलं, मिस्त्री एवढा जाणता माणूस, तो कशाला खोटं सांगेल? माझाच क्लच लवकर सुटला असेल. आता अंथरुणावर पडलो की डावा पाय आपोआप हलतो. क्लच दाबून बघतो. सोडून बघतो. बायको म्हणते, निजा आता, गाडी घरी आली.

सून : काका, दुसऱ्या कोणाला दाखवलीत?

ड्रायव्हर : दोघांना. दोघंही म्हणाले, जुनी गाडी आहे, सगळी वायरिंग काढून नवी टाका, दोष जाईल. जाईल हो. पण दोष गेला तर तो होता की नव्हता, हे मला कसं कळणार? म्हणून इथं आलो. ह्या गाडीची नस न् नस तुम्हाला ठाऊक. मनात नव्हतं यायचं. पण आलो.

मिस्त्री : बरं केलंस. एवढं बोललास ते बरं केलंस. पोरी, ऐक. तूही ऐक रे, तुझं काम आहे. अधूनमधून येणारा दोष म्हणजे शाळा बुडवणारं पोर. मास्तर वर्गात आला की बाकावर बसलेलं असतं, हाताची घडी घालून. मास्तरनं पाठ फिरवली की पसार. त्याच्या मागे धावून ते सापडत नाही. मग काय करायचं?

सून : दारांवर माणसं बसवायची.

मिस्त्री : शाबास. किती?

सून : तीन. तीन बल्ब.

मिस्त्री : कुठं कुठं, ते त्याला समजावून सांग. सांगता आलं तर तुला कळलं असं मी मानीन.

सून : काका, ह्या इंजिनाला चालू राहायला वीज एकाच ठिकाणी लागते. पंपावर हा छोटा खटका आहे, हा बघा. ह्याला वीज मिळते तोवर डिझेलची वाट उघडी. वीज तुटली की वाट बंद आणि इंजिन बंद. म्हणजे तुमचं म्हणणं खरं असेल तर ह्या खटक्याची वीज मधेच कुठंतरी तुटते. बॅटरीपासून किल्लीपर्यंत एक टप्पा, किल्लीपासून पंपापर्यंत दुसरा. मी एक बल्ब किल्लीच्या अलीकडे लावते, एक किल्लीच्या पलीकडे, एक अगदी पंपाशी. लांब वायरी काढून तिन्ही बल्ब समोर काचेपाशी टांगते. गाडी बंद पडली की कुठला विझला ते बघायचं.

ड्रायव्हर : आणि तिन्ही जळत राहिले तर?

मिस्त्री : तर वीज सगळीकडे पोचत होती आणि गाडी तुझ्या पायानं बंद पडली. उगाच गोड बोलणार नाही मी.

ड्रायव्हर : गोड नकोच आहे.

सून : झालं. एक, दोन, तीन. पहिल्याला लाल टेप लावलीय, दुसऱ्याला पांढरी, पंपाच्या बल्बला काही नाही. काका, तुम्ही चालवा, मागच्या गल्लीचा चढ डावीकडेच वळतो.

ड्रायव्हर : तुम्ही चालवा, वहिनी.

सून : गाडी तुमच्या हातातली आहे.

ड्रायव्हर : तुम्ही दोघं बसणार ना? मग तुम्ही चालवा. मी बाजूला बसून बल्बांकडे बघतो.

मिस्त्री : चालव ग. मी मागे बसतो. उन्हं चांगली कडक आहेत, दोन फेऱ्यांत तापेल.

सून : ही पहिली फेरी. काही नाही.

मिस्त्री : घाई नको. पोर अजून बाकावर आहे.

सून : दुसरी. वळतेय. काही नाही. मामंजी, तिसरा गिअर जड पडतोय, हिचा क्लच काम मागतोय.

मिस्त्री : एका वेळी एकच दोष शोधावा. दोन शोधायला गेलं की दोन्ही हसतात. चल, तिसरी. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे ने, आणि वळण सोडू नकोस.

सून : ही सहावी. अजून काही नाही.

ड्रायव्हर : मिस्त्री, राहू द्या. सहा फेऱ्या झाल्या. माझंच चुकलं असेल.

मिस्त्री : गप बस. मी काही म्हटलं का? पोरी, अजून एक.

सून : वळतेय. चढ लागला. आणि, बंद पडली. काका, बल्ब?

ड्रायव्हर : विझला.

मिस्त्री : कुठला?

ड्रायव्हर : टेप नसलेला. लाल जळतोय, पांढरा जळतोय. पंपाचा विझलाय. वहिनी, तुम्हीही बघा. मला एकट्याला दिसतंय असं नको.

सून : मलाही दिसतंय. विझलाय.

मिस्त्री : मलासुद्धा दिसतंय रे. दोनच ठिपके आहेत. आता स्टेअरिंग जरा सरळ कर.

सून : लागला.

ड्रायव्हर : लागला. बघा, लागला. मी म्हणत होतो ना. स्टेअरिंग सरळ झालं की लगेच.

मिस्त्री : म्हणत होतास. किल्लीपर्यंत वीज आहे, पंपापर्यंत नाही. म्हणजे अर्धी गाडी आपण झाडून टाकली. उरलेली अर्धी डॅशबोर्डच्या खाली आहे, स्टेअरिंगच्या दांड्याजवळ. स्टेअरिंग पूर्ण फिरलं की काहीतरी ओढलं जातंय. गॅरेजमध्ये घे.

सून : काका, तुम्ही इथं ड्रायव्हरच्या सीटवर बसा, पाय बाहेर ठेवा. मी खाली झोपते. मी सांगेन तेव्हा स्टेअरिंग डावीकडे फिरवायचं, सावकाश. मामंजी, तुम्ही दाराशी स्टूल घ्या.

मिस्त्री : घेतलं. काय दिसतंय ते बोलत जा. न बोलता बघितलेलं अर्धंच बघितलेलं असतं.

सून : वायरींची जुडी आहे. धूळ. एक खडूचा तुकडा. चॉकलेटचा कागद.

ड्रायव्हर : खडू टाकणारा तिसरीतला. फरशीवर गाड्या काढायचा. रोज झाडायचो मी.

सून : किल्लीची वायर सापडली. तिच्या मागे मागे जातेय. फिरवा. अजून. थांबा.

मिस्त्री : काय?

सून : एक जोड आहे. टेप गुंडाळलेला. स्टेअरिंग फिरलं की जुडी ताणली जाते, जोडावरच ओढ येते.

मिस्त्री : कंपनीच्या वायरीत जोड? तो मागाहून कोणीतरी केलेला. सोल्डर आहे का आत?

सून : टेपवरून दिसत नाही. दाबल्यावर मऊ लागतोय.

मिस्त्री : म्हणजे नाही. नुसत्या तारा पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. बघ बरं, किती शिकवलं तरी लोक हेच करतात. तारा पिळल्या की आज दिवा लागतो, म्हणून कारागीर खूश, गिऱ्हाईक खूश. उन्हानं, धक्क्यानं त्या सैल होतात, काळ्या पडतात. इंजिन चालू ठेवणारी वायर आहे ही, देवघरातलं तोरण नव्हे. मुलांची गाडी आहे हे दिसत नव्हतं त्याला? असल्या माणसाच्या हातात पक्कड देणाऱ्याला आधी विचारायला हवं.

सून : मामंजी, जाऊ द्या. जुनी वायर आहे. मी हा भाग कापून नवीन टाकते.

मिस्त्री : जाऊ कसं द्या? ह्या माणसाची नोकरी गेली त्या जोडापायी. किती तारा आल्यात त्यात?

सून : तीन.

मिस्त्री : दोन असायला हव्यात. एक आली, एक गेली. तिसरी कुठली?

सून : आहे एक. नंतर बघू.

मिस्त्री : नंतर काय? रंग सांग.

सून : पिवळी.

मिस्त्री : कुठं जाते?

सून : मागे. काका, जरा बाहेर याल का? मला पाय लांबवायला जागा नाही. आणि पलीकडच्या दुकानातून एवढी टेपची गुंडाळी आणाल? काळी, रुंद. माझी संपलीय.

ड्रायव्हर : आणतो की. आज काहीही आणतो.

मिस्त्री : टेपच्या चार गुंडाळ्या फळीवर आहेत.

सून : माहीत आहे.

मिस्त्री : मग त्याला का पिटाळलंस?

सून : मामंजी, जोड कापलाय. तुम्ही बघू नका म्हटलं तर ऐकणार नाही, म्हणून देते. हात पुढे करा.

मिस्त्री : त्यात काय बघायचं नाही? चूक हातात घेऊन बघावी, तेव्हाच ती शिकवते. आण.

(मिस्त्री जोड बोटांत धरून फिरवतो. टेपच्या टोकावर मेणाचा दोरा बांधलेला आहे. त्याचं बोट त्या दोऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहतं.)

सून : तीन वेढे आणि बाजूला गाठ. उन्हानं टेप सुटू नये म्हणून. असा दोरा दुसरं कोणी बांधत नाही. मला तुम्हीच शिकवलाय.

मिस्त्री : पिवळी वायर मागच्या सरकत्या दाराला जाते.

सून : हो. बझरला.

मिस्त्री : दार उघडं राहिलं तर वाजावा म्हणून. आईबापांनी मागितला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी. मीच बसवला, त्या अपघाताच्या आधी दीडएक वर्ष. त्या दिवशी लाइट गेली होती, इस्त्री तापेना सोल्डरची. शाळा सुटायची वेळ झालेली. म्हटलं, आता पिळून देतो, उद्या-परवा बोलावून सोल्डर करीन. कोणाला सांगितलंसुद्धा नाही. मग विसरलो.

सून : माणूस विसरतो.

मिस्त्री : ते विसरणं एक वेळ सोड. अपघातानंतर मला तपासायला बोलावलं, तेव्हा मी काय केलं सांगू? बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, किल्ली मारली, गाडी सुरू झाली. दहा मिनिटं. डॅशबोर्डखाली डोकं घातलंच नाही. का? तर ते काम माझं होतं. माझ्या कामात काय बघायचं? आणि हा उन्हात उभा राहून डावं वळण, डावं वळण म्हणून सांगत होता. अगदी बरोबर पत्ता सांगत होता ग मला. आणि मी त्याच्यावर विनोद केला.

सून : ते येतील एवढ्यात. ऐका माझं. त्यांना दोष गाडीत होता एवढंच कळायला हवंय ना? ते कळलं. मी सांगते, उंदरानं वायर कुरतडली होती. जुन्या गाड्यांत होतंच. त्यांचंही मन शांत, आणि तुमचं नाव...

मिस्त्री : माझं नाव.

सून : चाळीस वर्षांचं आहे. लोक तुमच्या नावावर गाडी सोडून जातात इथं. मी तर अजून नवी.

ड्रायव्हर : ही घ्या वहिनी, टेप. दुकानदार म्हणाला, गॅरेजवाल्यांना टेप मी विकायची म्हणजे कमालच. सापडलं का काही?

सून : सापडलं. उंदीर, काका. वायर कुरतडलेली होती. स्टेअरिंग फिरलं की तुटायची, सरळ झालं की चिकटायची.

ड्रायव्हर : उंदीर?

सून : हो.

ड्रायव्हर : म्हणजे माझा पाय नव्हता.

सून : नव्हता.

ड्रायव्हर : मिस्त्री, तुम्हीही सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझा पाय नव्हता?

मिस्त्री : नव्हता.

ड्रायव्हर : उंदीर. बघा. दोन वर्षं. म्हणजे तुमचाही काही दोष नाही, उंदीर काय कोणाला सांगून येतो? मी खरं सांगतो मिस्त्री, मी मनातल्या मनात तुम्हाला फार बोललो. तुमच्या गॅरेजवरून जायचं नाही म्हणून लांबचा रस्ता धरायचो. घरात तुमचं नाव काढू द्यायचो नाही. चुकलं माझं. तुम्ही वडीलधारे. पाया पडतो, माफ करा.

मिस्त्री : वाकू नकोस.

ड्रायव्हर : पडू द्या हो.

मिस्त्री : वाकू नकोस म्हणतो ना. उभा राहा नीट. उंदीर नव्हता.

सून : मामंजी.

मिस्त्री : तू गप. तू माझ्यासाठी बोललीस, ते मी ऐकत बसलो. तेही माझ्याच खात्यावर. अरे, हा जोड बघ. हातात घे. हा दोरा दिसतो? तीन वेढे, गाठ. हे माझं काम आहे. दाराचा बझर बसवताना मी हा कच्चा जोड केला. सोल्डर केला नाही. तू त्या दिवशी बाहेर झाडाखाली बसला होतास, सारखा घड्याळाकडे बघत.

ड्रायव्हर : आठवतंय. तुम्ही म्हणालात, झालं, ने.

मिस्त्री : झालं नव्हतं.

ड्रायव्हर : आणि नंतर तपासलंत तेव्हा?

मिस्त्री : बघितलाच नाही. अर्धा दिवस तपासली म्हणून सांगितलं, दहा मिनिटं बघितली. तू सांगत होतास ते ऐकलं नाही.

ड्रायव्हर : ऐकलंत. ऐकलंत म्हणून तर विनोद करता आला.

मिस्त्री : हो. तसंच.

ड्रायव्हर : आत्ता हे उंदराचं.

सून : ते माझं होतं, काका. मी म्हटलं ते.

ड्रायव्हर : वहिनी, तुम्ही घरच्या माणसाला झाकायला गेलात, ते मला कळतं. पण मी विचारलं त्यांना. त्यांनी मला वाकेपर्यंत वाट बघितली.

मिस्त्री : बघितली. काय सांगू? तू आनंदात होतास. म्हटलं, राहू दे.

ड्रायव्हर : माझ्या आनंदासाठी?

मिस्त्री : नाही. माझ्यासाठी.

ड्रायव्हर : मला बसायला काहीतरी द्या.

सून : हे घ्या, स्टूल घ्या. पाणी आणते.

ड्रायव्हर : आता मी काय करू ते सांगा. तुमच्याकडे सगळ्याची रीत असते. तीन बल्ब लावायचे, अर्धी गाडी झाडून टाकायची. ह्याची काय रीत?

मिस्त्री : ह्याची मला ठाऊक नाही. मी शाळेत जातो. मुख्याध्यापिकाबाईंना सांगतो.

ड्रायव्हर : त्या बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नव्या आहेत त्यांना मी कोण ते ठाऊक नाही.

मिस्त्री : मग पालकांना.

ड्रायव्हर : पांगले सगळे. मुलं मोठ्या शाळेत गेली. ज्यांच्यापुढे तुम्ही बोललात ती माणसं आता एका जागी कुठं मिळणार? तो विनोद तेवढा मिळतो, अजून गल्लीत आहे.

मिस्त्री : ती मुलगी कुठं राहते?

ड्रायव्हर : खिडकीपाशी बसणारी? शिंप्याच्या दुकानाच्या वर. आई असते घरी. हात बरा झालाय म्हणे, पण पूर्ण सरळ होत नाही. मी त्या रस्त्यानं जात नाही.

मिस्त्री : तिथं जाऊ. आत्ता.

ड्रायव्हर : तुम्ही जा.

मिस्त्री : मी एकटा गेलो तर ती बाई म्हणेल, कोण म्हातारा, काय बरळतो. तू बरोबर असलास तर तिला कळेल मी कशाबद्दल बोलतोय. दारापर्यंत ये. आत मीच बोलेन.

ड्रायव्हर : काय बोलाल?

मिस्त्री : सांगेन, गाडीत दोष निघाला.

ड्रायव्हर : असं सांगितलंत तर ती म्हणेल, जुनी गाडी, निघायचाच. बसून माझ्यासमोर एकदा नीट बोलून दाखवा.

मिस्त्री : आता तू माझी परीक्षा घेणार?

ड्रायव्हर : तुम्हीच म्हणालात मघाशी वहिनींना, सांगता आलं तर कळलं असं मानीन.

मिस्त्री : बरोबर आहे. तर, बाई, त्या गाडीला दाराचा बझर बसवला तेव्हा लाइट गेली होती, आणि शाळा सुटायची वेळ...

ड्रायव्हर : लाइटचं तिला काय करायचंय?

मिस्त्री : काही नाही. पुन्हा सांगतो. बाई, मी गाडीच्या वायरिंगचं काम करतो. तुमच्या मुलीच्या व्हॅनमध्ये मी एक जोड कच्चा ठेवला. पक्का करीन म्हटलं आणि केला नाही. माणसाच्या हातून राहून जातं...

सून : मामंजी, ते शेवटचं मी म्हटलं होतं. ते माझ्याकडेच राहू द्या.

मिस्त्री : हं. काढतो ते. बाई, तो जोड सुटला आणि चढावर इंजिन बंद पडलं. नंतर मला तपासायला बोलावलं. मी माझं काम म्हणून तिकडे बघितलंच नाही. गाडीत दोष नाही असं लिहून दिलं. हा माणूस खरं सांगत होता, त्याला तुमच्या सगळ्यांसमोर हसलो. तुम्हीही हसला असाल. ते मी हसवलं म्हणून.

ड्रायव्हर : ती नव्हती हसली. ती दवाखान्यात होती, मुलीजवळ.

मिस्त्री : मग ते नाही म्हणत.

ड्रायव्हर : बाकी बरोबर आहे. ती विचारेल, आता का आलात?

मिस्त्री : म्हणेन, आज कळलं. आणि आज कळल्यावरही थोडा वेळ लपवलं.

ड्रायव्हर : तेही सांगणार?

मिस्त्री : सांगायला लाज वाटतेय. म्हणजे सांगायला हवं असणार.

सून : गाडी मी काढू का? तुम्ही बोलत होता तोवर जोड नवा घातलाय, सोल्डर करून. तपासून बघितलाय दोनदा.

ड्रायव्हर : तिसऱ्यांदा बघा, वहिनी.

सून : बघते.

मिस्त्री : आणि शेवटी तिला सांगेन, ह्या ड्रायव्हरची काडीइतकीसुद्धा चूक नव्हती.

ड्रायव्हर : ते नका सांगू.

मिस्त्री : का? तेच तर सांगायला चाललोय.

ड्रायव्हर : पूर्ण खरं नाही ते. इंजिन बंद पडलं तेव्हा मी आधी किल्ली फिरवली. दोनदा. मुलं ओरडायला लागली, मला वाटलं सुरू होईल, कोणाला कळायच्या आत सुरू होईल. तेवढ्यात गाडी मागे जायला लागली होती. हँडब्रेक मी त्यानंतर ओढला.

मिस्त्री : कोणीही आधी किल्लीच फिरवली असती रे. मीही फिरवली असती.

ड्रायव्हर : असेल. मी कोणालाच सांगितलं नव्हतं हे. बायकोलाही नाही. इंजिन तुमच्यामुळे बंद पडलं की माझ्यामुळे, ते कळेपर्यंत हे बाजूला काढताच येईना. आज वेगळं झालं.

मिस्त्री : मग मी तिला काय म्हणू?

ड्रायव्हर : तुमचं तेवढं तुम्ही म्हणा. मी दारात थांबणार नाही, आत येतो. हे माझं मी सांगेन.